बुलेटला पाच गिअरचा बॉक्स बसवावा का?

प्रश्न असा आहे: गाडी १९९२ची कास्ट आयर्न बुलेट ३५०, चार गिअरची, गिअर उजव्या पायात. दुसरा गिअर चढावर सटकतो. गाडी तापली की सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. ऐंशीच्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट इतके थरथरतात की सांगलीहून गोवा गाठेपर्यंत हात बधिर होतात. पुढच्या उन्हाळ्यात हिमाचलमधलं स्पिती करायचं आहे. गॅरेजवाला म्हणतो, थंडरबर्डचा पाच गिअरचा बॉक्स टाका, सगळं मिटेल. टाकावा का?

सगळं मिटणार नाही. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकच गिअर बॉक्सच्या आतली आहे. गाडी तापल्यावर न्यूट्रल न सापडणं हे बहुतेक वेळा क्लचचं दुखणं असतं. ऐंशीच्या पुढची थरथर इंजिन किती फेरे मारतंय आणि ते फ्रेमला किती घट्ट बसलंय यावर ठरते. बॉक्स बदललात तरी इंजिनाचे फेरे तेवढेच राहणार आहेत.

हे अनेकांना पटत नाही, म्हणून आकडे देतो. जुन्या अल्बियन (मूळ इंग्लिश) पद्धतीच्या चार गिअरच्या बॉक्सचे रेशो, म्हणजे क्लच किती वेळा फिरला की चेन ओढणारं चाक एकदा फिरतं ते आकडे, २.७८, १.८४, १.३६ आणि १ असे आहेत. पाच गिअरच्या बॉक्सचे ३.०६, २.०१, १.५२, १.२१ आणि १. शेवटचा आकडा बघा, दोन्हीकडे एकास एक. बुलेटमध्ये क्लच आणि चेनचं पुढचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) दोन्ही डावीकडे, एकाच रेषेत आहेत. टॉप गिअरला क्लचबरोबर फिरणारा मेन शाफ्ट आणि स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो स्लीव्ह गिअर एकमेकांत अडकतात आणि एकत्र फिरतात, मधे कुठलाही दाता काम करत नाही. चौथ्यात काय आणि पाचव्यात काय, क्लच जितका फिरतो तितकंच स्प्रॉकेट फिरतं. लोक पाचवा गिअर म्हणजे वरचा जादा गिअर समजतात. प्रत्यक्षात पायरी खालच्या बाजूला वाढली आहे आणि मधल्या पायऱ्या जवळ आल्या आहेत.

त्यामुळे थरथर कमी करायची असेल तर पुढचं स्प्रॉकेट बघा. मागे ३८ दात, पुढे १६, प्रायमरीला (इंजिनाकडून क्लचला जाणाऱ्या चेनला) २५ आणि ५६ दात आणि टायर ३.२५-१९ असेल, तर ऐंशीच्या वेगाला इंजिन साधारण ३५०० फेरे मारतं. पुढे १७ दातांचं टाकलं की ३३०० आणि १८चं टाकलं की ३१००. तुमच्या गाडीला आज किती दाती स्प्रॉकेट आहे ते मोजल्याशिवाय काही ठरवू नका. तीस वर्षांत कुणी ना कुणी ते बदललेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

स्प्रॉकेटला हात घालण्याआधी एक तपासणी करा. इंजिन आणि गिअर बॉक्स यांना जोडणारे चार स्टड, मागच्या इंजिन प्लेटचे बोल्ट आणि हेडपासून फ्रेमला जाणारी पट्टी. यातलं एक जरी ढिलं असेल तरी कुठलाही रेशो तुमचे हात वाचवणार नाही. चार स्टडपैकी एखाद्याचा नट फिरत असेल तर बॉक्स आणि क्रँककेस यांच्यामधून तेलही गळत असतं आणि लोक वर्षानुवर्षं त्यासाठी पॅकिंग बदलत बसतात.

आता क्लच. इंजिन बंद असताना न्यूट्रल सहज लागतं आणि चालू असताना लागत नाही, असं असेल तर बॉक्सला दोष देऊ नका. क्लच पूर्ण सुटत नाहीये. लिव्हरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर मोकळं चालणं हवं. त्याहून जास्त ढील असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेट वेगळ्या होत नाहीत. अजिबात ढील नसेल तर क्लच सोडवणारा पुश रॉड कायम दाबाखाली राहतो, त्याचं टोक तापून पसरतं आणि मग ॲडजस्टमेंट टिकत नाही. केबलनं जमत नसेल तर गिअर बॉक्सच्या कव्हरवरच्या टोपणाआड असलेल्या स्क्रूनं ॲडजस्ट करा. तेवढ्यानंही भागलं नाही तर डावीकडचं चेनकेस उघडा, क्लच दाबून ठेवायला कुणाला तरी बसवा आणि किक हळू फिरवत प्रेशर प्लेट (क्लचच्या प्लेट दाबून धरणारी बाहेरची प्लेट) बघा. ती डुलत असेल तर स्प्रिंगचे स्क्रू कमी-जास्त करून सरळ फिरेपर्यंत बसवावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी होत नाही.

क्लच उघडा आहे तोवर ड्रम हातात धरून वर-खाली हलवा. थोडं चालणं असणारच. पण स्पष्ट खट्-खट् जाणवत असेल तर स्लीव्ह गिअरच्या आतला बुश किंवा त्यामागचं बेअरिंग गेलंय. तसं असेल तर क्लच तिरका फिरतो, प्रायमरी चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागते आणि गिअर बॉक्सचं तेल मेन शाफ्टच्या कडेनं बाहेर येतं. मागच्या चाकाची चेन कायम तेलात भिजलेली असणं हे त्याचं लक्षण. मालक कौतुकानं सांगतात की आमच्या चेनला वंगण लागतच नाही.

राहता राहिला दुसरा गिअर. यात दोन शक्यता आहेत आणि खर्चाच्या दृष्टीनं दोघींत फार अंतर आहे.

पहिली शक्यता, गिअर पूर्ण बसतच नाही. उजवीकडच्या कव्हरवर एक छोटं झाकण आहे. ते काढलं की गिअर बदलणाऱ्या रॅचेटची प्लेट दिसते, दोन नटांनी आवळलेली. ते नट ढिले करून प्लेट किंचित सरकवता येते. ती एका बाजूला गेलेली असेल तर वर जाताना गिअर नीट पडतो आणि खाली येताना अर्धाच बसतो. तपासायचं असं: चढावर दुसरा टाकल्यावर लिव्हर पायानं दाबून धरा. धरल्यावर टिकत असेल आणि सोडल्यावर उडत असेल तर आधी ही प्लेट जुळवून बघा. स्पॅनर फिरवायचा आणि ट्रायल घ्यायची, तासाभराचं काम.

दुसरी शक्यता, गिअरचे डॉग झिजले आहेत. डॉग म्हणजे गिअरच्या बाजूला असलेले ते जाड चौकोनी दात, जे शेजारच्या गिअरमधे अडकून जोर पोचवतात. त्यांचे कोपरे गोल झाले की जोर पडताच ते एकमेकांना ढकलून बाहेर काढतात. पाय दाबून धरूनही गिअर उडत असेल तर हेच आहे. मग बॉक्स उघडणं आलं.

चार गिअरच्या बॉक्सची मोठी सोय अशी की कवच गाडीवरून न उतरवता आतलं काम होतं. डावीकडून क्लच काढायचा, उजवीकडून बाहेरचं आणि आतलं कव्हर काढायचं, की सगळे गिअर शाफ्टसकट उजव्या बाजूनं बाहेर येतात. झिजलेला गिअर कधी एकटा बदलू नका. तो ज्याच्यात अडकतो तोही बदला, नाहीतर जुना गोल कोपरा नव्या कोपऱ्याला काही महिन्यांत आपल्यासारखा करून टाकतो. डॉगवर वेल्डिंग भरून लेथवर चौकोन काढून देणारे कारागीर अजून भेटतात. हात चांगला असेल, पण वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या दाताचं पाणी उतरतं आणि तो मऊ होतो किंवा तुकडा पडतो. बंद डब्यात तुटलेला तुकडा काय करतो ते सांगायला नको.

गिअरबरोबर शिफ्टरचा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) बघा. वाकलेला किंवा एका बाजूनं घासून चकाकणारा फोर्क तसाच ठेवला तर नवे गिअरही अर्धेच बसतील. बुश सगळे बदला. ले शाफ्टचं, म्हणजे बॉक्समधल्या दुसऱ्या शाफ्टचं, उजवं टोक किक शाफ्टच्या पोटातल्या बुशमध्ये फिरतं, तो बुश हमखास विसरला जातो. नवा बुश ठोकून बसवल्यावर थोडा आवळतो, त्याला रीमर (भोक मापात करणारं हत्यार) फिरवून शाफ्टच्या मापाला आणावा लागतो. पॉलिश पेपरनं घासून मोठा केलेला बुश गोल राहत नाही. आणि बाहेरचं कव्हर लावण्याआधी सगळे गिअर हातानं टाकून बघा.

तेलाचं एक. जुन्या बॉक्समध्ये अनेकजण गळती थांबावी म्हणून ग्रीस ठासतात. पातळ ग्रीसची पद्धत या बॉक्सला जुनीच आहे, पण घट्ट ग्रीस दात बाजूला सारतात आणि ते परत तिथं येत नाही, बुश कोरडा फिरतो. बुश आणि पॅकिंग नीट असतील तर ९० नंबरचं गिअर ऑईल राहतं. बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेनकेस आणि गिअर बॉक्स यांची तेलं वेगवेगळी आहेत. २००८-०९ नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअर एकाच कवचात असलेल्या) इंजिनासारखं एकच तेल सगळीकडे फिरत नाही. आणि यूसीईचा बॉक्स जुन्या बुलेटला बसेल का असं विचारणाऱ्यांसाठी: नाही, त्याचे गिअर क्रँककेसच्या आतच आहेत, वेगळा काढण्यासारखा बॉक्सच नाही.

एवढं वाचून पाच गिअरचा बॉक्स वाईट आहे असं वाटेल. तसं मुळीच नाही. तो घ्यायची कारणं वेगळी आहेत.

घाटात फरक कुठे पडतो बघा. चार गिअरच्या बॉक्समध्ये टॉपवरून तिसऱ्यावर आलात की इंजिनाचे फेरे ३६ टक्क्यांनी उसळतात. पाच गिअरमध्ये पाचव्यावरून चौथ्यावर येताना २१ टक्के. आंबोली किंवा कुंभार्लीत सामान आणि मागे माणूस घेऊन चढताना जुन्या बॉक्सचा नेहमीचा पेच असतो, टॉपला इंजिन ठोकतं आणि तिसऱ्याला ओरडतं. पाच गिअरमध्ये त्या दोघांच्या मधली एक जागा मिळते. अठरा हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ती जागा फार कामाची.

खरी कमाई मात्र पहिल्या गिअरमध्ये आहे आणि तिकडे कुणी बघत नाही. ३.०६ हा पहिला गिअर २.७८पेक्षा दहा टक्के ताकदीचा. म्हणजे पाच गिअरच्या बॉक्सला १८ दाती स्प्रॉकेट लावलं तरी पहिला गिअर जुन्या बॉक्सला १६ दाती असताना होता जवळपास तितकाच राहतो. चार गिअरवर १८ दाती लावाल तर चढावर उभी गाडी उचलताना क्लच जाळाल. पाच गिअरनं थरथर कमी होते असं जे लोक सांगतात, त्यांच्या गाडीला बहुतेक वेळा बॉक्सबरोबर स्प्रॉकेटही बदललेलं असतं. श्रेय सगळं पाचव्या गिअरला जातं.

स्पितीसाठी मात्र हा हिशेब उलटा धरा. कुंझुम खिंड सुमारे साडेचार हजार मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली जातो आणि कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या इंजिनाची ताकद त्याच मानानं उतरते. अशा ठिकाणी मोठं स्प्रॉकेट म्हणजे टॉप गिअर नुसता शोभेला. तिकडे जाताना १६ दातीच ठेवा. हायवेला हात थरथरतील, पण दगडगोट्यांच्या चढावर गाडी उचलेल. स्प्रॉकेट क्लच आणि आतल्या चेनकेसच्या मागे असल्यानं वाटेत बदलण्यासारखं नाही, घरूनच ठरवून निघावं लागतं.

बॉक्स घ्यायचाच ठरलं तर पूर्ण संच घ्या. २००२च्या थंडरबर्डचा किंवा नंतरच्या इलेक्ट्रा फाइव्ह-एसचा बॉक्स वेगळा, मागून बोल्टनं बसणारा आहे, म्हणूनच हा उद्योग शक्य होतो. पण नुसता बॉक्स आणून उपयोग नाही. क्लच, प्रायमरी चेन, दोन्हीकडची स्प्रॉकेट, आतलं चेनकेस, गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं सगळं सामान एकाच गाडीचं मिळालं तर घ्या. मेन शाफ्टचं टोक आणि क्लचची बैठक जुळते का ते टेबलावर लावून बघा. बुलेटमध्ये प्रायमरी चेन ताणायला बॉक्स मागे-पुढे सरकवता येत नाही, खालचा टेन्शनर तेवढा आहे. त्यामुळे दोन स्प्रॉकेट एका रेषेत नसतील तर पुढे जुळवून घ्यायला जागाच उरत नाही. पट्टी लावून रेष तपासल्याशिवाय चेनकेस बंद करू देऊ नका.

वापरलेला बॉक्स विकत घेताना कवचाचे कान बघा, जिथून स्टड जातात ते. तिथं वेल्डिंग दिसलं तर परत ठेवा. पाचही गिअर हातानं शाफ्ट फिरवत टाकून बघा आणि तेल काढून त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला राखेसारखी बारीक पूड लागली तर चालेल, कण टोचायला लागले तर नाही.

ब्रेकचा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात धोक्याचा. गिअर डाव्या पायात आला की ब्रेक उजव्या पायात जातो. पण बुलेटचा मागचा ड्रम डावीकडेच आहे. म्हणजे उजवीकडचं पेडल आणि डावीकडचा रॉड यांना जोडणारा आडवा शाफ्ट लागतो, पेडलला सायलेन्सर आणि फूटरेस्ट यांच्यामधे जागा लागते, ब्रेक लाइटचा स्विचही हलवावा लागतो. हा शाफ्ट नळीचा तुकडा वेल्ड करून बनवलेला मी पाहिलेला आहे. त्याच्यावर तुमचा, मागे बसणाऱ्याचा आणि सामानाचा जीव असतो. कंपनीच्या डाव्या गिअरच्या गाडीचाच शाफ्ट वापरा आणि त्याच्या बुशला ग्रीस द्या.

आणि पायाची सवय. जुन्या गाडीला पहिला वर आणि बाकीचे खाली. नव्याला पहिला खाली आणि बाकीचे वर, तेही दुसऱ्या पायानं. घरातल्या बाकी गाड्या डाव्या गिअरच्या असतील तर बदलणं सुरक्षित, कारण घाबरल्यावर पाय सवयीच्या जागी जातो. पण वीस-तीस वर्षं हीच एक गाडी चालवली असेल तर गडबडीत तुम्ही ब्रेक म्हणून गिअर दाबणार. अशा माणसाला मी डावा गिअर सुचवत नाही. उजव्या पायाचेही पाच गिअरचे बॉक्स निघाले आहेत, शोधावे लागतात. जुन्याच चार गिअरच्या बॉक्सला आडवी दांडी जोडून गिअर डावीकडे नेण्याचा प्रकारही आहे. त्यात सांधे वाढतात, प्रत्येक सांध्यात थोडी ढील येते आणि गिअर लागला की नाही हे पायाला कळेनासं होतं.

जुन्या बॉक्सबरोबर टाचेखालची न्यूट्रलची छोटी लिव्हरही जाते. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यात असताना एका दाबात न्यूट्रल. पहिल्यात असताना ती चालत नाही. तुमची बहुधा जाम झालेली असेल, कारण तुम्ही तिचा उल्लेखच केला नाहीत. बॉक्स उघडाल तेव्हा ती मोकळी करून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर असल्यानं बॉक्स बदलून तो बदलत नाही. तरी मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांचे नियम आहेत आणि तुमच्या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी येत राहणार. काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि सामानाची बिलं ठेवा. चोरीच्या गाड्यांचे बॉक्सही बाजारात फिरतात, बिल नसलेला स्वस्त माल त्यासाठीही टाळा.

तुमच्या जागी मी या क्रमानं गेलो असतो. या महिन्यात क्लच आणि चार स्टड. मग रॅचेटची प्लेट. दुसरा गिअर तरीही उडत असेल तर पावसाळ्यात बॉक्स उघडून गिअरची जोडी, फोर्क आणि सगळे बुश. दिवाळीत कोकणात सामान लादून एक फेरी मारा, बॉक्स नीट बसला की नाही ते तिथं कळेल. स्पिती याच बॉक्सवर करा. परत आल्यावरही घाटात मधला गिअर हवाहवासा वाटला तर पाच गिअरचा संच शोधायला घ्या, आणि तेव्हा १७ दाती स्प्रॉकेटपासून सुरुवात करा. निघण्याच्या आठवडाभर आधी बसवलेला बॉक्स घेऊन मात्र हिमालयात जाऊ नका. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तेल बदलायचं असतं आणि सगळे नट पुन्हा आवळायचे असतात, ते काम स्पितीतल्या काझाच्या रस्त्यावर करण्यात मजा नाही.